ड्राइव्हच्या करंट ट्रेंडमध्ये पुन्हा पुन्हा उमटणारी संथ लाट : दोष मोटरचा की नोंदींचा?

लक्षण

हवा खेचणाऱ्या एका मोठ्या पंख्याच्या मोटरचा करंट ट्रेंडवर, म्हणजे काळानुसार काढलेल्या आलेखावर, उघडला की त्यात एक संथ आणि अतिशय नियमित लाट दिसत असे. मोटर चार पोलची होती, करंट १६० अँपिअरच्या आसपास होता आणि त्यावर वर-खाली सुमारे दोन अँपिअरचा हेलकावा येत होता. एका हेलकाव्याला पावणेदोन सेकंदांहून किंचित कमी वेळ लागत होता. ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, साध्या व्ही/एफ पद्धतीवर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे प्रमाण कायम ठेवून) ४९.४ हर्ट्झला चालत होता आणि पीएलसीचा, म्हणजे यंत्रणा चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचा, जो टास्क (ठरावीक अंतराने चालणारा प्रोग्राम) हा करंट नोंदवत होता, तो दर २० मिलिसेकंदांनी चालत होता. ही लाट काही दिवस राहत असे, मग एखाद्या पाळीत पूर्ण नाहीशी होत असे, आणि वेगाचा सेटपॉइंट थोडा हलवला की निराळ्याच गतीने परत येत असे. तिच्यापायी रॅम्पच्या वेळा बदलून झाल्या, स्लिप कॉम्पेन्सेशन (भारामुळे घटणाऱ्या वेगाची ड्राइव्हने केलेली भरपाई) बंद करून झाले, डॅम्परची जोडणी तपासून झाली, आणि शेवटी कपलिंगही उघडून पाहिले गेले. पंख्याजवळ उभे राहिल्यावर मात्र आवाजात किंवा कंपनात असा कोणताही हेलकावा जाणवत नव्हता, आणि ड्राइव्हच्या कीपॅडवरचा करंटचा आकडा जागचा हलत नव्हता. या दोन गोष्टींकडे मी सुरुवातीलाच नीट लक्ष दिले असते तर कपलिंगचे बोल्ट सोडावे लागले नसते.

ड्राइव्हमधून वेगाने माहिती उचलू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही किंवा हिची सख्खी भावंडे भेटतात: नसलेली लाट, नसलेले टोकदार उसळे, पायऱ्यापायऱ्यांचा आलेख, किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या वेळा. त्या सगळ्यांची तपासणी एकाच प्रश्नापासून सुरू करावी असे माझे ठाम मत झाले आहे. तो प्रश्न म्हणजे, ड्राइव्हच्या आतल्या मोजणीपासून आपल्या पडद्यापर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक टप्पा दर सेकंदाला खरोखर नवीन अशी किती मूल्ये पुढे देतो, आणि जी मूल्ये तो गाळतो ती गाळण्यापूर्वी सिग्नल फिल्टर करतो की नाही.

लाट येते कोठून

सॅम्पलिंगचा मूळ नियम सर्वांना पाठ असतो: सिग्नलमधील सर्वांत जलद घटकाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले पाहिजेत. नियम मोडल्यावर काय होते, हे मात्र प्रत्यक्ष ट्रेंडसमोर बसल्यावर आठवत नाही. दुपटीपेक्षा कमी वेगाने नमुने घेतले तर जलद घटक आलेखातून गळून पडत नाही. तो वेश बदलून संथ घटक म्हणून उभा राहतो, आणि हेच एलियासिंग होय. त्याची नवी फ्रिक्वेन्सी काढणे सोपे असते. सॅम्पलिंगच्या वेगाचा, म्हणजे त्या वेगाचा किंवा त्याच्या एखाद्या पटीचा, जो आकडा मूळ फ्रिक्वेन्सीला सर्वांत जवळचा असेल, त्याच्यातला आणि मूळ फ्रिक्वेन्सीतला फरक म्हणजे पडद्यावर दिसणारी फ्रिक्वेन्सी.

आमच्या पंख्याकडे हा हिशेब घेऊन पाहा. दर २० मिलिसेकंदांनी नमुना म्हणजे सेकंदाला ५० नमुने. करंटच्या मूल्यात ४९.४ हर्ट्झचा एखादा घटक असेल तर तो ५० वजा ४९.४, म्हणजे ०.६ हर्ट्झवर दिसेल, आणि ०.६ हर्ट्झ म्हणजे १.६७ सेकंदांना एक हेलकावा. ट्रेंडवरच्या लाटेशी हा आकडा तंतोतंत जुळत होता.

आता करंटच्या एकूण परिमाणात आउटपुट फ्रिक्वेन्सीइतकाच घटक यावाच का, असा प्रश्न कोणीही विचारील, कारण तिन्ही फेज संतुलित असतील तर परिमाण स्थिर असायला हवे. याचे उत्तर ड्राइव्हच्या करंट सेन्सरमध्ये आहे. एखाद्या फेजच्या सेन्सरमध्ये शून्याची चूक, म्हणजे ऑफसेट, असेल तर तीन फेजपासून काढलेल्या परिमाणात आउटपुट फ्रिक्वेन्सीचा हेलकावा येतो. आणि फेजच्या सेन्सरांचा गेन, म्हणजे मोजणीचे गुणोत्तर, परस्परांशी जुळत नसेल तर आउटपुट फ्रिक्वेन्सीच्या दुपटीचा हेलकावा येतो. दुसऱ्या प्रकारातील ९८.८ हर्ट्झचा घटक सेकंदाला ५० नमुन्यांवर १.२ हर्ट्झवर उमटेल, कारण ५०ची सर्वांत जवळची पट १०० आहे. त्यामुळे लाटेची फ्रिक्वेन्सी अचूक मोजली तर सेन्सरमधील चूक कोणत्या जातीची आहे याचाही अंदाज बांधता येतो.

पहिली तपासणी : नमुन्यांचे अंतर बदलणे

खऱ्या हेलकाव्याला आपण तो किती वेळाने पाहतो याच्याशी काही देणेघेणे नसते. म्हणून पीएलसीच्या टास्कचे अंतर २० वरून १७ मिलिसेकंद करावे आणि पुन्हा ट्रेंड घ्यावा. लाट खरी असेल तर ती ०.६ हर्ट्झवरच राहील. ती एलियास असेल तर सॅम्पलिंगचा वेग आता सेकंदाला ५८.८ झाल्यामुळे ती उडी मारून ९.४ हर्ट्झच्या जवळ जाईल. आमच्याकडे ती गेली, आणि त्या क्षणी पंख्याच्या यंत्रणेवरचा संशय फिटला. येथे १७ हा आकडा मुद्दाम निवडला आहे. अंतर २० वरून ४० केले असते तर सेकंदाला २५ नमुने झाले असते, ४९.४ हर्ट्झ पुन्हा ०.६ हर्ट्झवरच दिसला असता आणि लाट खरी असल्याची आमची चुकीची खात्री आणखी पक्की झाली असती. अंतर बदलताना जुन्या अंतराची पट किंवा निमपट टाळणे एवढी खबरदारी घ्यावी.

टास्कला हात लावण्याची मुभा नसेल तर दुसरा मार्ग वेगाचा आहे. सेटपॉइंट ४९.४ वरून ४८.५ हर्ट्झवर आणला की लाट ०.६ वरून १.५ हर्ट्झवर गेली. म्हणजे मोटर मंद केली आणि लाट जलद झाली. असा उलटा संबंध दिसला की यांत्रिक कारणाचा शोध तेथेच थांबवावा. सेटपॉइंट नेमका ५०.० हर्ट्झ ठेवला की लाट पूर्ण नाहीशी होत असे. ठरावीक पाळीत लाट का दिसत नाही, या कोड्याचा उलगडाही येथेच झाला, कारण त्या पाळीचा ऑपरेटर पंखा पूर्ण ५० वर चालवत असे. यात समाधान मानण्यासारखे काही नव्हते. एलियासची फ्रिक्वेन्सी शून्य झाली म्हणजे चूक गेली असे नसून ती सपाट रेषेत लपली, आणि प्रत्येक नमुना हेलकाव्याच्या एकाच जागी पडत असल्याने करंटचे वाचन दोन अँपिअरपर्यंत चुकीचे असूनही अगदी निर्मळ दिसत होते. मला विचाराल तर लाट दिसण्यापेक्षा ही अवस्था अधिक घातक आहे.

तिसरी आणि निर्णायक खात्री ड्राइव्हच्या अंतर्गत ट्रेसमधून होते. बहुतेक औद्योगिक ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते, आणि ती ड्राइव्हच्या स्वतःच्या नियंत्रण चक्राच्या गतीने मूल्ये साठवते. एक मिलिसेकंदाच्या अंतराने घेतलेल्या ट्रेसमध्ये आमचा ४९.४ हर्ट्झचा हेलकावा अगदी स्वच्छ दिसला आणि ०.६ हर्ट्झचा मागमूसही नव्हता.

जलद पॅरामीटर निवडल्यामुळे बिघडलेले काम

ही लाट पहिल्यापासून नव्हती. आम्हीच ती आमंत्रण देऊन आणली होती. सुरुवातीला ट्रेंडला ड्राइव्हचा स्मूद केलेला करंट जोडला होता. तो फार आळशी वाटतो, भार बदलल्यावर उशिरा हलतो, अशी तक्रार आली म्हणून त्याऐवजी स्मूद न केलेला करंट जोडला गेला, आणि पुढच्याच आठवड्यापासून लाट सुरू झाली.

एकाच राशीची अशी दोन रूपे बहुतेक ड्राइव्हमध्ये असतात. सिमेन्सच्या सिनामिक्स मालिकेचे उदाहरण घेतले तर आर-००२७ हा करंट ३०० मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने स्मूद केलेला असतो आणि आर-००६८ मध्ये स्मूद न केलेले मूल्य मिळते. ३०० मिलिसेकंदांचा साधा फिल्टर म्हणजे सुमारे अर्ध्या हर्ट्झपासूनच सिग्नल दाबायला सुरुवात, ४९.४ हर्ट्झचा हेलकावा त्यातून जाताना जवळजवळ नव्वदाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. कीपॅडवरचा आकडा स्थिर का होता याचे कारण हेच. तो फिल्टर आळशी होता हे खरे, पण एलियासिंगपासून आम्हाला तोच वाचवत होता, आणि आम्ही सॅम्पलिंगचा वेग न वाढवता तो काढून टाकला.

म्हणून कोणताही पॅरामीटर ट्रेंडला जोडण्यापूर्वी मॅन्युअलमध्ये त्याच्या वर्णनाखालची बारीक ओळ वाचावी. त्यावर फिल्टर आहे का, असल्यास किती, आणि ड्राइव्ह तो किती वेळाने ताजा करतो, या तीन गोष्टी माहीत नसतील तर पुढचे सारे विश्लेषण वाळूवर उभे राहते. ड्राइव्हच्या अॅनालॉग आउटपुटवरून करंट घेणाऱ्यांनी पीएलसीच्या अॅनालॉग इनपुट कार्डाकडेही पाहावे. ५० हर्ट्झचा नॉइज दाबण्यासाठी अनेक कार्डांवर २० मिलिसेकंदांचा इंटिग्रेशन काळ निवडलेला असतो, आणि तो तसाच ठेवून टास्क १ मिलिसेकंदाचा केला तर जादा नमुने मिळतात, जादा माहिती मिळत नाही.

वाटेची खरी क्षमता मोजणे

मॉडबस या सिरियल संपर्क पद्धतीवरून ड्राइव्ह वाचणाऱ्यांचा गैरसमज बहुधा बॉड रेटविषयी, म्हणजे तारेवरून सेकंदाला जाणाऱ्या बिटांविषयी, असतो, म्हणून हा हिशेब एकदा सविस्तर करून पाहू. १९,२०० बॉडवर पॅरिटीसह एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे ०.५७ मिलिसेकंद. होल्डिंग रजिस्टर (ड्राइव्हमधील १६ बिटांचे मूल्य ठेवण्याची जागा) वाचण्याची विनंती ८ बाइटची असते आणि दोन रजिस्टरांचे उत्तर ९ बाइटचे. या १७ अक्षरांना ९.७ मिलिसेकंद लागतात. दोन संदेशांच्या मध्ये साडेतीन अक्षरांइतकी शांतता पाळावी लागते; अशा दोन शांततांचे ४ मिलिसेकंद धरले की एका फेरीला पावणेचौदा मिलिसेकंद झाले. ड्राइव्हने उत्तर द्यायला आणखी ५ मिलिसेकंद घेतले तर फेरी पावणेएकोणीस मिलिसेकंदांची होते, आणि सारे काही सुरळीत चालले तरी सेकंदाला ५३ च्या वर वाचने मिळत नाहीत. एकाच तारेवर असे पाच ड्राइव्ह असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा येतात.

यावर बॉड रेट सहापट करून १,१५,२०० केला तर वेगही सहापट होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अक्षरांचा वेळ १.६ मिलिसेकंदांवर येतो, पण १९,२०० च्या वर शांततेचा काळ १.७५ मिलिसेकंद असा ठरवून दिलेला आहे, त्यामुळे दोन शांततांचे साडेतीन मिलिसेकंद उरतातच, आणि ड्राइव्हचा ५ मिलिसेकंदांचा विचारकाळ तर तसाच राहतो. एकूण फेरी दहा मिलिसेकंदांच्या आसपास बसते. सहापट बॉडमधून दुपटीलाही न पोहोचणारा लाभ होतो. मॉडबस संथ देखरेखीसाठी उत्तम आहे. हेलकावे पकडण्यासाठी तो वापरू नये, आणि वापरायचाच असेल तर स्मूद केलेलेच पॅरामीटर वाचावे.

याच ठिकाणी दुसरी एक चूक घडते. व्होल्टेज आणि करंट दोन वेगवेगळ्या विनंत्यांनी वाचले जातात, त्यांच्यात १९ मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि मग त्यांचा गुणाकार करून पॉवर काढली जाते. भार बदलत असताना ही पॉवर कोणत्याच क्षणाची नसते. हवी ती रजिस्टरे सलग असतील तर एकाच विनंतीत घ्यावीत. एका विनंतीत १२५ पर्यंत रजिस्टरे मागता येतात. ती विखुरलेली असतील तर अनेक ड्राइव्हमध्ये निवडक पॅरामीटर सलग पत्त्यांवर मांडून देण्याची सोय असते, ती वापरावी.

ईथरकॅट किंवा प्रोफिनेटसारख्या फील्डबसवर, म्हणजे यंत्रे जोडणाऱ्या जलद औद्योगिक नेटवर्कवर, चित्र पुष्कळ सुधारते, पण तेथेही चक्रीय आणि अचक्रीय वाचनातला भेद विसरू नये. ईथरकॅटमध्ये जे मूल्य पीडीओमध्ये, म्हणजे दर चक्राला जाणाऱ्या ठरलेल्या संदेशात, बसवले आहे ते प्रत्येक चक्रात येते. एसडीओने, म्हणजे स्वतंत्र विनंतीने, मागितलेले मूल्य मेलबॉक्समधून, सवड मिळेल तेव्हा येते. चक्र १ मिलिसेकंदाचे आहे म्हणून एसडीओचे वाचनही १ मिलिसेकंदाने ताजे होते, असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत.

पायऱ्यांचा आलेख

पीएलसी १ मिलिसेकंदाने वाचतो आणि ड्राइव्ह मूल्य ८ मिलिसेकंदांनी ताजे करतो, अशा वेळी नोंदी अशा दिसतात:

१६१.३, १६१.३, १६१.३, १६१.३, १६१.३, १६१.३, १६१.३, १६१.३, १६१.९, १६१.९, १६१.९, १६१.९ …

फाइलमध्ये सेकंदाला हजार ओळी आहेत, नवीन माहिती मात्र १२५ ओळींचीच आहे. अशा फाइलचा एफएफटी (सिग्नलमधील फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारे गणित) काढला तर १२५ हर्ट्झ आणि त्याच्या पटींच्या आजूबाजूला खोटी शिखरे दिसतात, आणि कोणीतरी ती बेअरिंगच्या दोषांशी जुळवून पाहू लागतो. सलग सारख्या मूल्यांच्या धावा मोजणारी चार ओळींची स्क्रिप्ट ही लबाडी लगेच उघड करते. अडचण एवढीच, की करंटचे रिझोल्यूशन ०.१ अँपिअर असेल तर ताजी मूल्येही सलग सारखी येऊ शकतात. म्हणून ही चाचणी करंटवर न करता, मोटर फिरत असताना ज्याला बदलावेच लागते अशा राशीवर, म्हणजे एन्कोडरच्या (मोटरच्या शाफ्टचे स्थान मोजणाऱ्या सेन्सरच्या) स्थानावर, करावी. स्थान आठ ओळी तसेच राहून नवव्या ओळीला उडी मारत असेल तर वादाला जागा राहत नाही.

वेळेचा घोळ

संगणकाने नोंद लिहिली ती वेळ आणि ड्राइव्हमध्ये मोजमाप झाले ती वेळ यांत गल्लत झाली की उत्तम नमुनेही निरुपयोगी होतात. विंडोजचे मूळ टायमर सेकंदाला ६४ टिकटिक करते, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक. त्यावर विसंबून ५ मिलिसेकंदांचा विराम मागितला तर कित्येकदा पंधरा-सोळाचाच मिळतो. यूएसबीवरून सिरियल पोर्ट करून देणाऱ्या एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, आणि ड्राइव्हने चार मिलिसेकंदांत पाठवलेले लहान उत्तर तेथे विनाकारण अडून बसते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये तो १ मिलिसेकंदावर आणता येतो, आणि मॉडबसचे पोलिंग एकाएकी सुधारल्याचा अनुभव पुष्कळांना याच एका बदलाने येतो.

नोंदींच्या वेळांमधला फरक ओळीने लिहून पाहिला आणि तो १५, १६, ०, १६, १५, ३१, ० अशा चालीत आला, तर दोष वेळेच्या शिक्क्यात आहे हे समजावे. ० चा अर्थ दोन नोंदी एकाच टिकटिकीत बसल्या, ३१ चा अर्थ एक टिकटिक रिकामी गेली. असा विस्कळीतपणा असला की एलियासही शिस्तीत दिसत नाही. आमच्या पंख्यासारखी सुरेख लाट न येता तो नॉइज म्हणून पसरतो, आणि म्हणूनच ओळखायला अधिक अवघड जातो.

याचा खात्रीचा उपाय म्हणजे वेळ संगणकावर लावूच नये. पीएलसीच्या १ मिलिसेकंदाच्या टास्कमध्ये एक गणक प्रत्येक चक्राला एकाने वाढवावा आणि तो प्रत्येक नमुन्यासोबत साठवावा. हजार नमुन्यांचे दोन बफर ठेवावेत. एक भरत असताना दुसरा संगणकाने सावकाश उचलून न्यावा. मग संगणकाने किती उशीर केला याला महत्त्व उरत नाही. फाइलमध्ये लगतच्या दोन गणकांतील फरक सर्वत्र १ असला की नमुने पूर्ण आहेत, २ असला की एक गळाला, ० असला की एक दोनदा आला. १६ बिटांचा गणक ६५,५३५ नंतर शून्यावर येतो, तेवढी सूट तपासणीत ठेवावी. अनेक ड्राइव्ह वेगवेगळ्या नियंत्रकांवर असतील आणि त्यांच्या घटना एकमेकींशी जुळवायच्या असतील तर नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीची मिलिसेकंदांतली अचूकता अपुरी पडते. तेथे त्याहून अचूक असे पीटीपी किंवा ईथरकॅटचे डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक लागते.

ओपीसी यूए या औद्योगिक माहितीच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीवरून माहिती घेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: सॅम्पलिंग १०० मिलिसेकंदांवर ठेवूनही सेकंदाला एकच मूल्य येते. येथे सॅम्पलिंगचे अंतर आणि पब्लिशिंगचे अंतर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पब्लिशिंग १,००० मिलिसेकंदांवर असेल आणि रांगेची लांबी १ असेल तर सर्व्हर दहा नमुने घेतो, नऊ टाकून देतो आणि शेवटचा पाठवतो. रांग किमान दहाची, शक्यतो वीसची ठेवावी, सर्व्हरने मान्य करून परत कळवलेले सॅम्पलिंगचे अंतर मागितल्याप्रमाणेच आहे का ते पाहावे, आणि टाइमस्टॅम्प स्रोताचा वापरावा.

६५,५३६ चा उसळा

एन्कोडरच्या स्थानात अधूनमधून एकच नमुना टोकदार उसळी घेत असेल, तर नॉइज समजून तो फिल्टर करण्याआधी उसळीची उंची मोजावी. ती ६५,५३६ च्या जवळ असेल तर कारण नॉइज नाही. ३२ बिटांचे मूल्य १६ बिटांच्या दोन रजिस्टरांत वाटलेले असते, आणि दोन्ही अर्धुके वेगवेगळ्या क्षणी वाचली गेली की दोन वेगळ्या मूल्यांचे तुकडे एकत्र शिवले जातात. स्थान १,३१,०७१ वरून १,३१,०७२ वर जाताना वरचे अर्धुक १ वरून २ होते आणि खालचे ६५,५३५ वरून शून्यावर येते. वरचे आधी वाचले आणि खालचे बदल झाल्यावर वाचले तर हाती ६५,५३६ लागतात. क्रम उलटा असेल तर १,९६,६०७. दोन्ही रजिस्टरे एकाच विनंतीत वाचल्याने ही चूक सहसा जाते. ड्राइव्ह आतूनच ती दोन वेगळ्या क्षणी भरत असेल तर वरचे अर्धुक, खालचे अर्धुक, आणि पुन्हा वरचे असे वाचावे, आणि वरची दोन्ही वाचने जुळली नाहीत तर तो नमुना पुन्हा घ्यावा.

बाहेरून मोजायचे ठरवल्यास

अंतर्गत ट्रेस आणि बाहेरून लावलेला करंट प्रोब यांचे आलेख जुळत नाहीत म्हणून ड्राइव्हवर अविश्वास दाखवला जातो. बहुतेक ड्राइव्ह करंटचे नमुने स्विचिंगच्या तालावर, म्हणजे स्विचिंगचा ताल ठरवणाऱ्या कॅरियर तरंगाच्या ठरावीक बिंदूवर घेतात, आणि त्या बिंदूवर स्विचिंगचा रिपल, म्हणजे स्विचिंगमुळे करंटवर येणारी जलद तरंग, सरासरीतून जात असतो. त्यामुळे ट्रेसमध्ये तो रिपल दिसतच नाही, प्रोबला मात्र तो पूर्ण दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कॅरियर ४ किलोहर्ट्झचा असेल आणि डेटा कार्ड सेकंदाला ५,००० नमुने घेत असेल, तर रिपल १ किलोहर्ट्झवर एलियास होऊन बसतो, आणि मूळ आजार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. कार्डाच्या आधी अॅनालॉग फिल्टर हवाच, कारण नमुने घेतल्यानंतर कोणताही सॉफ्टवेअर फिल्टर एलियास आणि खरा सिग्नल यांना वेगळे करू शकत नाही. अनेक चॅनल आळीपाळीने एकाच परिवर्तकावर नेणाऱ्या कार्डात चॅनलांमध्ये वेळेचा फरकही पडतो, त्याचा विचार पॉवर काढताना करावा.

साधे एसी क्लॅम्प कमी आउटपुट फ्रिक्वेन्सीला फसतात आणि डीसी त्यांना दिसतच नाही; हॉल सेन्सरचा प्रोब वापरावा. व्होल्टेज पाहायचे असेल तर आयसोलेटेड डिफरन्शियल प्रोबशिवाय हात घालू नये. ४०० व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसला (डीसी व्होल्टेजच्या वाहिनीला) सुमारे ५६० व्होल्ट असतात, आणि ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप तेथे चुकून लागली तर उपकरण आणि माणूस दोघांनाही धोका असतो. पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, म्हणून ड्राइव्हवर छापलेला प्रतीक्षाकाळ पूर्ण होऊ द्यावा आणि त्यानंतरही मीटरने खात्री करूनच पुढे जावे.

आमच्या पंख्याचे पुढे काय झाले

पहिला बदल नोंदींच्या बाजूला केला. करंट पीडीओमध्ये घेऊन १ मिलिसेकंदाच्या टास्कमध्ये वाचला आणि ट्रेंडला दर २० मिलिसेकंदांनी मागच्या वीस नमुन्यांची सरासरी दिली. लाट जवळजवळ गेली, कारण २० मिलिसेकंदांची सरासरी ५० हर्ट्झला नेमकी शून्य करते आणि ४९.४ हर्ट्झला सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर आणते. पण पंखा ३५ हर्ट्झवर आणल्यावर १५ हर्ट्झचा हेलकावा पुन्हा डोकावला, कारण त्या फ्रिक्वेन्सीला हीच सरासरी एक तृतीयांशाहून अधिक भाग जाऊ देते. सरासरीची खिडकी एका वेगाला लागू पडली म्हणून सर्व वेगांना पडेल, हा आमचा भ्रम होता. सरासरी काढून तेथे १० हर्ट्झचा दुसऱ्या क्रमाचा लो-पास फिल्टर टाकला आणि त्यानंतर दर विसावे मूल्य उचलले. ३५ हर्ट्झचा घटक आता बाराव्या हिश्श्यावर येतो आणि भारातला बदलही स्मूद केलेल्या पॅरामीटरपेक्षा कितीतरी लवकर दिसतो. २५ हर्ट्झच्या खाली आउटपुट फ्रिक्वेन्सीचा घटक आपल्या खऱ्या जागीच उमटतो, तेव्हा तेथे फसगत होत नाही.

दुसरा बदल ड्राइव्हच्या बाजूला, पंखा नियोजित देखभालीसाठी थांबला तेव्हा केला. आउटपुट बंद असताना तिन्ही फेजचे करंट शून्य दिसायला हवेत. एका फेजवर ३ अँपिअर दिसत होते, आणि त्या चुकीतून परिमाणात तिचा दोन तृतीयांश, म्हणजे आमचाच तो दोन अँपिअरचा हेलकावा येतो. हा ड्राइव्ह थांबलेल्या अवस्थेत ऑफसेटचे स्वयं-समायोजन करतो, पण पंखा महिनोन्महिने अखंड चालत असल्याने त्याला तशी संधीच मिळाली नव्हती आणि तापमानासोबत शून्य सरकत गेले होते. समायोजनानंतर त्या फेजवर ०.२ अँपिअर राहिले. आता प्रत्येक नियोजित थांब्याला आउटपुट बंद असतानाचे तिन्ही आकडे नोंदवहीत लिहिले जातात, आणि त्यांतला एखादा १ अँपिअरच्या पुढे गेला की समायोजन आधी आणि पंखा सुरू करणे नंतर, असा क्रम ठरवला आहे.